न उघडलेले पुडके

गेल्या उन्हाळ्यात आमची भाची हर्सूलला आमच्याकडे महिनाभर राहायला आली होती. आठवीची परीक्षा नुकतीच संपलेली, आणि सोबत एका कापडी पिशवीत हॅरी पॉटरचे मराठी खंड. पाचवा खंड संपला त्या दुपारी ती पुस्तक आपटूनच बाहेरच्या खोलीत आली. "मामा, मामी, हा हॅरी येडा आहे का? आरसा होता ना त्याच्याकडे!"

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे नायकाच्या चुकीवर आमच्याकडे उत्तरे तयार असतात. शोकात्म नायकाचा प्रमाद, तारुण्यसुलभ उतावीळपणा, वगैरे. ती आम्ही दिली. भाचीला पटली नाहीत. रात्री गच्चीवर अंथरुणे घातल्यावर लक्षात आले की आम्हालाही पटलेली नव्हती.

ज्यांनी हा खंड (मूळ इंग्रजी, २००३) वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सिरियस हा हॅरीच्या दिवंगत वडिलांचा जिवलग मित्र. फरारी असल्याने घरातच कोंडून पडलेला. नाताळच्या सुट्टीनंतर निरोप घेताना तो हॅरीच्या हातात एक पुडके ठेवतो आणि गरज पडली तर वापर, असे सांगतो. आपल्यापायी हा बाहेर पडेल आणि पकडला जाईल, या भीतीने हॅरी ते न वापरण्याचा निश्चय करतो आणि न उघडताच पेटीत टाकतो. इथवर त्याचे वागणे समजण्यासारखे आहे, किंबहुना शहाणपणाचे आहे. पण पुढे जूनमध्ये सिरियसचा छळ चालल्याचे दृश्य त्याला दिसते. हा सापळा असू शकेल, आणि लोकांना वाचवायला धावण्याची तुला खोडच आहे, असे हर्मायनी बजावते; तो तिच्यावरच चिडतो. शेकोटीच्या वाटेने चौकशी करतो तर सिरियसच्या घरचा सेवक खोटे सांगतो. मग धावाधाव, सापळा, आणि त्याला सोडवायला आलेल्या सिरियसचाच मृत्यू. नंतर पेटी चाळताना पुडके हाती लागते. आत आरसा असतो, जोडीचा दुसरा सिरियसपाशी. नुसते नाव उच्चारले असते तर तो समोर दिसला असता.

लेखिकेला सिरियसला मारायचे होते म्हणून नायकाला विसरभोळे केले, हा आक्षेप भाचीचाच. त्यात तथ्य नाही असे नाही. पण याच आक्षेपाने आम्हाला एका फार जुन्या, आणि आमच्या अगदी शेजारच्या, नायकाची आठवण झाली.

हर्सूलहून पैठण पन्नास-साठ किलोमीटर. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात 'कथासरित्सागर' रचला. त्यातल्या वेताळकथांचा राजा उज्जैनचा नाही, तो गोदातीरावरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, आणि त्याचे नाव त्रिविक्रमसेन. आमच्या पिढीने त्याला विक्रम म्हणून 'चांदोबा'त पाहिले. खांद्यावर प्रेत, हाती तलवार, हे शंकर यांचे चित्र कोण विसरेल? मासिक बंद पडले, चित्र राहिले. असो.

तर या त्रिविक्रमसेनाच्या दरबारात क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज येतो आणि राजाला एक फळ देतो. राजा ते न पाहता शेजारच्या कोषाध्यक्षाकडे देतो, कोषाध्यक्ष ते खिडकीतून कोठारात फेकतो. असे दहा वर्षे चालते. एके दिवशी राजा ते फळ माकडाला देतो, माकड ते फोडते आणि आतून रत्न निघते. कोठार उघडून पाहतात तर फळे केव्हाच कुजलेली आणि रत्नांचा ढीग. मग कुठे राजा भिक्षूला विचारतो की हे कशासाठी. आणि मिळालेल्या उत्तरावर संतुष्ट होऊन कृष्ण चतुर्दशीच्या रात्री एकटा स्मशानात जायला कबूल होतो. भिक्षूला त्याचाच बळी द्यायचा असतो. वाटेत वेताळ चोवीस गोष्टी सांगतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर मस्तकाची शकले होतील, ही अट. परक्यांच्या तेवीस पेचांचा राजा बिनचूक निवाडा करतो. ज्याच्यासाठी प्रेत वाहतो आहोत तो माणूस कसा आहे, हा चोविसांत नसलेला प्रश्न मात्र त्याला सुचत नाही. शेवटी वेताळालाच सांगावे लागते.

दोघांनीही हाती आलेली वस्तू उघडून पाहिली नाही. चूक एक, पण कारणे उलटी. हॅरीचे बालपण जिन्याखालच्या कोनाड्यात गेले. त्याने हाक मारली तर येणारे कोणी नव्हते. आपण धावायचे हे त्याला कळते, आपणही कोणाला बोलवू शकतो हे त्याच्या हिशेबातच नाही. विसरला तो आरसा नव्हे. विसरण्यासाठी ती सवय आधी असावी लागते. राजाचे उलट. त्याला इतके मिळत असते की मिळणे हा त्याला दिनक्रम वाटतो. पहिल्या चुकीची कीव येते. दुसरीची आम्हाला त्या रात्री भीती वाटली, कारण ती आमच्या घरात होती.

फुलंब्रीकडच्या एका विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी आम्हाला एक वही दिली होती. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. "सर, मॅडम, दोघांनीही वाचा," म्हणाला होता. आम्ही ती मांडणीवर ठेवली. नंतर तिच्यावर उत्तरपत्रिका आल्या, नॅकच्या फायली आल्या. त्याने दोनदा विचारले. दोन्ही वेळा आम्ही "वाचतो आहोत" असे सांगितले, आणि हे खोटे होते. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी वही काढली. बऱ्याच कविता कच्च्या, पाठ्यपुस्तकी. अकराव्या पानावरची, आईच्या उसनवारीच्या वहीवरची, मात्र अशी की तिच्यानंतर आम्ही एकमेकांशी थोडा वेळ बोललो नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिले होते की यात काही बरे असेल तर सांगा, म्हणजे मी एम.ए. करतो, नाहीतर वाळूजला कामाला लागतो.

पंधरवड्याने भाचीने सातवा खंड संपवला आणि जेवताना सांगितले की फुटलेल्या आरशाचा एक तुकडा हॅरीने जपून ठेवला होता. तळघरात कोंडलेला असताना त्याने त्यात पाहून मदत मागितली आणि मदत आली. त्याच रात्री आम्ही जुन्या हजेरीपत्रकातून त्याचा नंबर शोधला. तो वाळूजलाच होता. सेकंड शिफ्ट चालू आहे, रविवारी येतो, म्हणाला.

रविवारी आला. पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधीच आम्ही अकराव्या पानाविषयी बोलू लागलो, जरा भरभरच. त्याने ऐकून घेतले. मग वही हातात घेऊन कव्हरवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"वाचली कधी, सर?"

"मागच्या महिन्यात," आम्ही म्हणालो.