झिजलेले रबर जाते कुठे?

पुण्यात सातारा रस्त्यावर टायर रिमोल्ड करण्याचा माझा छोटासा कारखाना होता. 30 वर्षे मी तो चालवला आणि त्याच्यावरच दोन मुलांची शिक्षणे केली. ट्रकवाला गोटा झालेला टायर घेऊन येई. आम्ही त्याची जुनी पाठ मशीनवर खरवडून काढत असू, वर नवा पट्टा चिकटवत असू आणि भट्टीत शिजवून टायर पुन्हा रस्त्यावर धाडत असू. ट्रकच्या एका टायरला 10-12 किलो रबर सहज लागे. म्हणजे जवळजवळ तेवढेच रबर आधी रस्त्यावर झिजून गेलेले असे, हे कळायला गणिती व्हायला नको. पण ते गेले कुठे, हा प्रश्न मला 30 वर्षांत एकदाही पडला नाही. ‘झिजले’ म्हटले की आमचा हिशेब संपे.

तो प्रश्न पडला साता समुद्रापलीकडे, एका ओढ्याच्या काठी.

2022 च्या नोव्हेंबरात मी अमेरिकेत, सिएटलला मुलाकडे होतो. तिथे लाँगफेलो नावाचा एक ओढा आहे. कुठे उघडा, कुठे नळातून, असा वस्तीमधून वाट काढीत तो डुवामिश नदीला मिळतो. आमच्या सूनबाई पावसाळी दिवसांत इतर स्वयंसेवकांबरोबर या ओढ्यातले मासे मोजायला जातात. “बाबा, येता का?” असे तिने विचारले आणि घरात बसून कंटाळलेला मी गमबूट चढवून निघालो.

हे मासे म्हणजे कोहो सॅमन. गोड्या पाण्यात जन्मायचे, वर्षा-दीड वर्षाने समुद्रात जायचे आणि साधारण तिसऱ्या वर्षी अंडी घालायला आपल्या ओढ्याकडे परतायचे, असा यांचा क्रम. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, तसेच म्हणा ना! फरक एवढाच, की अंडी घातल्यावर हा मासा मरतो. तो त्याचा निसर्गधर्मच आहे.

रात्री जोराचा पाऊस झाला होता. पाण्यात हातभर लांबीची एक मादी दिसली. ती पृष्ठभागावर तोंड उघडून आ वासत होती, गोल गोल फिरत होती, मध्येच कुशीवर कलंडत होती. दारू प्यालेल्या माणसाचा तोल जावा तसा तिचा तोल जात होता. आम्ही पुढचा टप्पा बघून परत आलो तोवर ती मेली होती. एका बाईंनी नोंदीसाठी तिचे पोट चिरले. आत नारिंगी मोत्यांसारखी अंडी गच्च भरलेली होती. एकही बाहेर पडलेले नव्हते.

“हिला झाले काय?” मी विचारले.

सूनबाई जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, “टायरमुळे मरतात, बाबा.”

सासऱ्याचा धंदा तिला ठाऊक होता. म्हणूनच ती घुटमळली.

त्या रात्री तिने मला सगळी हकिकत सांगितली. शहरातले कोहो असे मरतात, हे तिथल्या लोकांच्या ध्यानात येऊन वीसएक वर्षे झाली होती. काही वर्षी ओढ्यात आलेल्या माद्यांपैकी निम्म्याहून अधिक अंडी न घालताच मरत. संशय पुष्कळांवर घेतला गेला: ब्रेकमधले तांबे, तेल, कीटकनाशके. पण धातू आणि तेलांचे मिश्रण करून त्यात मासे सोडले, तर ते जगत. रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यात सोडले, की काही तासांत मरत. शेवटी टायरचे बारीक कण भिजवलेल्या पाण्यात मासे सोडले, तेव्हा तेही मेले.

पण त्या पाण्यात दोन हजारांवर रसायने होती. झेन्यू तियान, जेनिफर मॅकिन्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वेगवेगळी करीत, प्रत्येक भागाची माशांवर परीक्षा घेत, अखेर एकच पदार्थ हाती धरला. त्यात कार्बनचे 18, हायड्रोजनचे 22, नायट्रोजनचे 2 आणि ऑक्सिजनचे 2 अणू. टायरमध्ये घालतात त्या रसायनांच्या यादीत मात्र तो कुठेच सापडेना! मग उलगडा झाला. टायरमध्ये सिक्स-पीपीडी नावाचे रसायन असते. हवेतल्या ओझोन वायूने रबराला भेगा पडतात. ते टाळण्यासाठी हे रसायन रबरातून हळूहळू पृष्ठभागावर येते आणि ओझोनचा मारा स्वतःवर घेते. तसे घेताना त्याचेच रूप पालटून सिक्स-पीपीडी-क्विनोन बनते. तोच हा मारेकरी. डिसेंबर 2020 मध्ये हे ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे 2022 मध्ये याच संशोधकांनी मोजले, की लिटरभर पाण्यात 95 नॅनोग्रॅम एवढ्यानेच निम्मे कोहो मरतात. म्हणजे एक ग्रॅम विष दहा हजार लिटरच्या एक हजार टँकरांना पुरे! आणि नवल असे, की त्याच पाण्यात चम जातीच्या सॅमनला काहीही होत नाही.

मला झोप आली नाही. माझ्या कारखान्यात पाठ खरवडताना काळा भुसा उडे. पोती भरून त्यातला बराचसा विकला जाई. पण उरलेला आम्ही रोज संध्याकाळी पाणी मारून गटारात लोटत असू. ते गटार आंबिल ओढ्याला मिळे. 30 वर्षे मी स्वतः उभा राहून ते करून घेतले, आणि वर कामगारांना म्हणत असे, “जागा कशी लख्ख ठेवली पाहिजे!” आपल्याकडे थोरांच्या कष्टाला चंदनाच्या झिजण्याची उपमा देतात. चंदन झिजते ते सहाणेवर उरते आणि देवाच्या कपाळी लागते. रबर झिजते तेही कुठे तरी उरतेच. मी मात्र ते नाहीसे झाले असे धरून चाललो होतो.

आपल्या ओढ्यांत कोहो नाहीत, हे खरे. पण तेच रसायन जगभरच्या टायरांत आहे आणि पावसाचे पाणी इथेही रस्ते धुऊनच ओढ्यात उतरते. ते रसायन काढूनच का टाकत नाहीत, असे कुणी विचारील. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, त्याच्यावाचून टायरला भेगा पडतील आणि भरधाव गाडीचा टायर फुटला तर माणसे मरतील. तेव्हा त्याच्या जागी दुसरे काही शोधायला हवे. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर 2023 पासून टायर-कारखानदारांवर तसा शोध घेण्याचे बंधन घातले आहे.

तोवर एक साधा उपाय आहे, आणि तो मॅकिन्टायरबाईंच्या चमूने 2015 मध्येच दाखवला होता. रस्त्याचे तेच जीवघेणे पाणी वाळू आणि कंपोस्ट खत यांच्या थरातून गाळून घेतले, तर त्यात कोहो जगतात. 

पुण्याला परतल्यावर आमच्या सोसायटीत गाड्या उभ्या करतो तिथले पाणी गटाराला मिळते त्या तोंडाशी मी एक चर खणून घेतला. त्यात वाळू आणि खत भरले, वर कर्दळ लावली. सेक्रेटरी म्हणाले, “काका, या वयात हा कसला उद्योग?” मी म्हटले, “जुनी उधारी आहे, थोडी थोडी फेडतोय.” त्यांना काही कळले नाही. एका चराने सातारा रस्ता धुऊन निघत नाही, हे मलाही समजते.

जुनी सवय मात्र जात नाही. उभा ट्रक दिसला, की अजूनही मी वाकून टायरच्या खाचेत अंगठा घालतो आणि किती झिजला ते बघतो. फक्त आता तिथून उठल्यावर नजर आपोआप रस्त्याच्या कडेला, गटाराच्या तोंडाकडे जाते.