भिंतीला लावलेला चुना

पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात मी आमच्या आचोळ्याच्या घराची मागची भिंत सिमेंटने गिलावून घेतली. पैसे माझे, हट्टही माझाच. पणजोबांनी विटा-चुन्यात बांधलेलं कौलारू घर. भिंतीचा गिलावा दर पावसाळ्यात थोडा थोडा झडायचा आणि आजी ती पांढरी भुकटी केरात भरायची. "दरवर्षी चुन्याचा एक हात दे, पुरे झालं," ती म्हणायची. मी इंजिनीअर झालो होतो. (कॉम्प्युटरचा, पण तेव्हा हा फरक मी कुणाला सांगत नव्हतो.)

चौथ्या पावसाळ्यात कमरेपर्यंत ओल चढली, लोणा फुटला आणि एका रात्री सिमेंटचा मोठा पोपडा खाली आला. मागच्या विटांचे तुकडेही त्याला चिकटून आले.

आचोळ्यात पावसाळ्यात पाणी साचतं, ते पायातून विटांमध्ये चढतंच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून बाहेर येऊन वाळायचं, सोबतचे क्षार गिलाव्यातच साठायचे आणि झडायचा तोही गिलावाच. विटा वाचायच्या. सिमेंटने ही वाट बंद केली, तेव्हा क्षार विटांच्याच पोटात साठून त्या फोडू लागले. मला जो बिघाड वाटत होता, ते त्या भिंतीचं रोजचं काम होतं. चालू असलेल्या जुन्या कोडला न वाचता हात लावणाऱ्याला आमच्या ऑफिसात काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आजी तोवर गेली होती. तिने सांगितलेलं एक मात्र आठवत होतं: तिच्या लहानपणी खाडीवरून शिंपल्या यायच्या आणि भट्टीत भाजून त्यांचा चुना व्हायचा. आपल्याकडचा दगड काळा, त्यातून चुना निघत नाही. शिंपलीत मात्र चुनखडीचंच द्रव्य असतं. ते साधारण 900 अंशांवर भाजलं, की शुद्ध असेल तर 100 किलोमागे 56 किलो कळीचा चुना उरतो. बाकीचे 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. चुना विझवून भिंतीवर चढवला, की भिंत तोच वायू हवेतून परत घेत हळूहळू पुन्हा दगड होऊ लागते. हा हिशेब मी बारावीत पाठ केला होता. तो घराच्या भिंतीत चालू असेल, हे कधी सुचलं नाही.

लोहगडावर दर्ग्याबाहेर चुन्याची घाणी आहे. दगडी गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, ते ओढायला बैल. ट्रेकला गेल्यावर तिथे बसून मी वडापाव खाल्ला होता. चुना वाळूबरोबर किती वेळ मळला जातो यावर भिंतीचं आयुष्य ठरतं, हे मला शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी शिकवलं. "गूळ, हिरडा, बेलफळ नंतर. आधी मळायला शिक," ते म्हणाले.

त्याआधी चुना विझवायचा होता. मी तो प्लॅस्टिकच्या बादलीत विझवायला घेतला. पाणी खदखदू लागलं आणि बादली एका बाजूने मेणासारखी झुकली. काकांनी आधी माझ्या डोळ्यांत उडालं नाही ना ते पाहिलं, मग पोटभर शिव्या दिल्या. पुढचा चुना खड्ड्यात विझवला आणि पाण्याखाली दोन महिने मुरवला. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू, थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. मळून मळून हात भरून आले. 'चुना लावणे' म्हणजे फसवणे असं कुणी ठरवलं, देव जाणे. एवढ्या मेहनतीत फसवणारा आधी स्वतः थकेल.

सिमेंट छिन्नीने काढताना आणखी विटा गेल्या. त्या नुकसानीला चुन्याकडेही उत्तर नाही.

बाबा खुर्ची घेऊन बघत होते. त्यांच्या मांडीवर बिल्डरच्या कराराचा मसुदा होता. शेजारच्या दोन घरांनी सह्या केल्यात.

"किती वर्षं टिकेल हे?"

"तुम्ही सही कधी करताय त्यावर आहे."

ते हसले नाहीत. मसुदा घडी करून आत गेले आणि येताना पाण्याची कळशी घेऊन आले. नवा गिलावा एकदम वाळला तर तडकतो, त्याला ओलं ठेवावं लागतं. सकाळी विरार लोकल पकडण्याआधी मी पाणी मारतो. दुपारचं बाबा मारतात.