मे महिन्यात सडा पाहू नका!

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण मे महिन्याच्या सुटीत कोकणात जात असाल. आंबे, फणस, समुद्र, सगळी चंगळ! पण गावाच्या वर, डोंगराच्या सपाट माथ्यावर पसरलेला सडा पाहायला सहसा कुणी जात नाही. गेलंच तर दोन मिनिटांत परत फिरतं. काळपट कातळ, पायांना चटके, सावलीला झाड नाही. ‘काय ठेवलंय तिथे?’ असंच वाटतं.

हाच सडा गणपतीच्या दिवसांत पाहा. ओळखू येणार नाही!

सडा म्हणजे जांभा दगडाचं पठार. त्याच्यावर लहानमोठे खळगे असतात. काही ताटाएवढे, काही अंगणाएवढे. कोकणातला धुवांधार पाऊस सुरू झाला की ते भरतात आणि दिवाळीनंतर हळूहळू आटून जातात. तळाशी माती जेमतेम बोटभर. म्हणून झाडं रुजत नाहीत. पण इवल्या वनस्पतींची तिथे अख्खी वसाहत असते, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते, बरं का! खोल पाण्यात तरंगत्या पानांची कुमुदिनी. उथळ पाण्यात आणि ओल्या काठावर पांढऱ्या गुंड्यांसारखा गेंद आणि निळी-जांभळी सीतेची आसवे. त्याच्यापलीकडे, जिथे माती नुसती ओलसर, तिथे गवत आणि दवबिंदू.

आता गंमत ऐका. एवढ्या पावसात मातीतलं खत वाहून जातं. मग खायचं काय? सीतेची आसवे दिसतात नाजूक, पण त्यांना मातीत बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला, की पापणी लवायच्या आत आत ओढला जातो! दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात. बसला किडा, की अडकला. त्या किड्यांतून त्यांना नत्र मिळतं.

पाणी आटायच्या आत फुलायचं, बी धरायचं आणि मरून जायचं. बी मात्र तापलेल्या कातळाच्या फटीत पुढच्या पावसाची वाट पाहत राहतं. काहींचे कंद तसेच झोपून असतात. म्हणजे मे महिन्यात सडा रिकामा नसतो. तो झोपलेला असतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा मामा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी त्याच्या वाट्याला सड्याचा एक तुकडा आला आहे. चिरेखाणीसाठी त्याला गिऱ्हाईक आलं. मामाला मी नावं ठेवणार नाही. कोकणातली घरं चिऱ्याचीच, आमचंही तसंच. आणि मुलीच्या शिक्षणाला पैसे लागतात. पण कातळ कापला की खळगा गेला, खळगा गेला की पाणी नाही, आणि मग त्या बियांनी थांबायचं कुठे? त्यांना कुंडीत लावून भागत नाही. बुडणं आणि वाळणं, दोन्ही वेळेवर लागतं.

गेल्या गणपतीत मी मामाला भिंग घेऊन वर नेलं. तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “लहानपणापासून गुरं घेऊन इथे येतोय. फुलं रोज दिसायची. पण ही शिकार करतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं!” त्याने अजून होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर अशीच फुलं पाहायला लोक तिकीट काढून जातात. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ साली कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आपल्या गावच्या सड्याला मात्र अजून ‘पडीक’च म्हणतात.

तेव्हा यंदा आईबाबांना सांगून पावसाळ्यात एकदा सड्यावर जा. उघड्या कातळावरूनच चाला, फुलं तोडू नका. कोकण लांब असेल तर घराजवळचं पावसाचं एखादं डबकं निवडा. ते कधी भरलं, पहिला कोंब कधी दिसला, पाणी कधी आटलं, ते वहीत तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी ताडून पाहा. आणि एखाद्या जागेला कुणी ‘रिकामी’ म्हणालं, तर आधी विचारा, “तुम्ही ती कोणत्या महिन्यात पाहिलीत?”