तिकीट काढून आवणी

घर मुरबाडला आणि बँक शहापूरला, त्यामुळे माझा प्रवासाचा अनुभव तसा दांडगा. पण सगळा एस.टी.चा. अशा मला आमच्या सौ.ने एका टूरबरोबर थेट व्हिएतनामला, हनोईला नेले. संध्याकाळी गाइडने जाहीर केले, “आता पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ!” तिकिटाचा आकडा लाखाच्या घरात! छातीत कळ आली. मग डोंगांचे रुपये केले, ते शेकड्यांतच निघाले आणि कळ थांबली.

होआन किएम तळ्याजवळचे थांगलाँग नाट्यगृह. रंगमंचाच्या जागी चक्क पाण्याचे टाके, मागे बांबूचा पडदा. त्याआडून लाकडी शेतकरी, म्हशी, बदके, ड्रॅगन बाहेर येतात आणि पाण्यावर नाचतात. बाहुल्या उंबराच्या लाकडाच्या. आमच्याकडे उंबराखाली दत्तगुरू बसतात, तिथे उंबरच नाचतो! ही कला भाताच्या शेतांत जन्मलेली. ११२१ सालच्या शिलालेखात तिचा उल्लेख आहे. म्हणजे आमच्या शाखेतल्या काही फायलींच्या वयाचीच.

एवढ्यात बाहुल्या भात लावू लागल्या. सौ. कुजबुजली, “अहो, ही तर आपली आवणी!” मी म्हटले, “गप्प बघ, लाखाचं तिकीट आहे.”

खेळ संपला, पडदा सरला आणि बाहुल्या नाचवणारी माणसे पुढे आली. कमरेइतक्या पाण्यात उभी! सगळा वेळ पाण्याखालून लांब बांबू हलवत होती. आता त्यांना रबरी पोशाख असतो. पूर्वी नुसतेच उतरायचे म्हणे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र अण्णांचे पाय दिसले. आषाढात बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या आणि त्यांवर रात्री थापलेली मेंदी. त्या पायांच्या जोरावर मी बी.कॉम. झालो आणि काउंटरवर नाचू लागलो. अण्णा कधी पडद्यापुढे आले नाहीत. मीही पडदा सारला नाही.

रात्री हॉटेलातून फोन लावला आणि भरल्या गळ्याने सगळे सांगितले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले.

“म्हंजे इमानात बसून, तिकीट काढून तू आवणी बघाया गेलास?”

“तसंच काहीसं, अण्णा.”

“बरं केलंस. हितं फुकट होती, तवा दर साली तुझी परीक्षा असायची!”