अप्पांची हेराल्ड आणि दोन स्पीकर

पुष्य बहुल पंचमीला आमचे अप्पा गाडीत बसून गाणं ऐकतात.

त्या दिवशी तिरुवैयारुत संत त्यागराजांची आराधना असते. १८४७ मध्ये त्यांनी इथंच, कावेरीकाठी देह ठेवला. दरवर्षी शेकडो गायक-वादक समाधीजवळ जमिनीवर बसून त्यांच्या पाच ‘पंचरत्न’ कृती एकत्र गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री, असे पाच राग ओळीनं. अप्पा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. गुडघे खाली बसू देत नाहीत, गर्दीत उभं राहवत नाही. म्हणून ते नदीकाठच्या एका झाडाखाली गाडी लावतात, काच खाली करतात आणि थेट प्रक्षेपण ऐकतात.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्याहून मुद्दाम आराधनेला गेले होते. गाणं संपलं तेव्हा अप्पा खट्टू होऊन बसले होते. म्हणाले, “स्पीकर गेला गं. आवाज येतो, पण शब्दच कळत नाहीत.”

मी म्हटलं, “एवढंच ना? बदलून टाकू.”

या ‘एवढंच’चा पल्ला पुढे बराच लांबला.

आधी थोडं आमच्याविषयी सांगते. आम्ही तंजावरी मराठी. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले, तेव्हापासून मराठी माणसं या मुलखात आहेत. १८५५ मध्ये राज्य गेलं, माणसं राहिली. आमच्या घरची मराठी ऐकून पुण्यातले लोक आधी गोंधळतात, मग हसतात. लग्नानंतर मी पुण्याची मराठी शिकले, पण अप्पांशी बोलताना जीभ आपोआप जुन्या वाटेनं जाते.

आणि ही गाडी. १९६५ ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, दुधी रंगाची. मूळची इंग्लंडची ट्रायंफ हेराल्ड, आखणी इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉत्तींची. १९६१ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. हिला स्पोर्ट्‌स कार म्हणावं का, यावर आमच्या घरी कायम वाद होतो. अप्पांचं उत्तर ठरलेलं असतं. १९६२ मध्ये ट्रायंफनं हेराल्डचीच चासी आखूड करून स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्‌स कार काढली. “म्हणजे ही स्पिटफायरची थोरली बहीण. बहिणीनं साडी नेसली म्हणून काय झालं?” हिची पुढची चाकं इतकी वळतात, की अरुंद अग्रहारातही ती सहज फिरते. बॉनेट तर पुढच्या फेंडरसकट उचललं जातं. लहानपणी मी त्या उघड्या बॉनेटमध्ये चाकावर बसून अप्पांना पाने द्यायची.

त्या उन्हाळ्यात मी महिनाभराची रजा काढली आणि सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन तिरुवैयारुला आले. डॅशबोर्डखालचा जुना स्पीकर काढला. एकच, लंबगोल, कागदी कोनाचा. कडेचा कागद दमट हवेनं भुगा झाला होता. बोट लावलं तर तुकडा हातात आला. मला बरं वाटलं. रोग सापडला होता!

तंजावरच्या एका दुकानात गेलो. त्यांनी लगेच यादी काढली. दारात साडेसहा इंची स्पीकर, चार चॅनलचा अँप्लिफायर, डिकीत सबवूफर. मुलाचे डोळे चमकले. “दारं कापावी लागतील,” दुकानदार सहज म्हणाला.

अप्पा ताडकन उठले आणि गाडीत जाऊन बसले.

परतताना वाटेत म्हणाले, “वायर बदल, रेडिओ बदल, काहीही कर. पण जे परत पहिल्यासारखं होणार नाही, ते करू नकोस. साठ वर्षांचा पत्रा कापला की कापला.”

मग मी वाचायला बसले. पहिली गोष्ट समजली ती वॅटची. डब्यावर मोठा आकडा असला म्हणजे आवाज मोठा, असं नसतं. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहायची. ९० डेसिबलचा स्पीकर जेवढा आवाज देतो, तेवढ्यासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला दुप्पट वीज लागते. आमच्यासाठी हे महत्त्वाचं होतं, कारण हेराल्डमध्ये आजच्यासारखा अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. इंजिन मंद चालत असेल तर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. त्यात अप्पा तर गाडी बंद करून ऐकणार. मोठा अँप्लिफायर बसवला असता तर पाचवी कृती संपेपर्यंत बॅटरी बसली असती. म्हणून ठरवलं, की अँप्लिफायर नको, सबवूफर नको. थोड्या विजेत नीट बोलणारे पाच इंची दोनच स्पीकर. कडा रबराच्या, म्हणजे कावेरीकाठच्या हवेत टिकतील.

दुसरी गोष्ट मी जवळजवळ चुकवलीच होती. नवा स्टिरिओ जोडायला वायरी सोलून तयार होते. तेवढ्यात अप्पांच्या ओळखीचे एक म्हातारे इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी बॅटरीकडे नुसतं पाहिलं आणि माझा हात धरला. “अम्मा, थांब!” आमच्या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली होती. जुन्या ब्रिटिश घडणीच्या कित्येक गाड्यांत हे असंच असतं. आजचे स्टिरिओ मात्र ऋण बाजू बॉडीला असेल असं धरून बनवतात. मी तसाच जोडला असता तर पहिल्या सुराआधीच धूर निघाला असता. अय्यांनी दुपारभर बसून बॅटरीच्या तारा उलट केल्या, डायनॅमोला नव्या दिशेची सवय लावली आणि बॅटरीजवळ स्टिरिओसाठी वेगळा फ्यूज घातला. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाले, “गाणं लागलं की बोलाव.”

आता राहिल्या पेट्या. दारं कापायची नाहीत, तर डॅशबोर्डखाली पायांच्या दोन्ही बाजूंना छोट्या पेट्या बसवायच्या, त्याही गाडीत आधीपासून असलेल्या भोकांतल्याच बोल्टवर. मला एक फार सुंदर कल्पना सुचली. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. वीणेच्या फणसाच्याच पेट्या केल्या तर?

एका वीणा करणाऱ्या आसारींकडे, म्हणजे सुतारांकडे गेलो. अंगणात फणसाचे ओंडके वाळत पडले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसून नकार दिला. अर्धवट कोरलेल्या भोपळ्यावर त्यांनी टिचकी मारली, तो घुमला. “वीणेचं लाकूड बोलायला हवं,” ते म्हणाले, “तुझ्या पेटीचं लाकूड गप्प बसायला हवं. पेटी बोलायला लागली तर गाणारा ऐकू कसा येईल?”

मी वरमले. जाड प्लायवूड आणलं, आतून स्क्रूबरोबर गोंदही लावला, थोडा कापूस भरला. मुलानं दोन्ही दारांच्या आत पत्र्याला डांबरी शीट चिकटवलं, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. स्पीकर जोडल्यावर आवाज पोकळ यायला लागला, खालचे सूर गायबच. इथं चूक माझीच होती. एका स्पीकरच्या तारा मी उलट जोडल्या होत्या. एक कोन पुढे जाई तेव्हा दुसरा मागे. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला तर सेलची धन बाजू जिथं आहे तेच स्पीकरचं धन टोक.

संध्याकाळी नदीकाठी गाडी नेली. अय्या आले, शेजारचे दोघं आले. पंचरत्नांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. मृदंग असा स्वच्छ आला, की मुलगासुद्धा गप्प झाला. व्हायोलिनचा प्रत्येक गज वेगळा कळत होता.

अप्पांनी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. मग म्हणाले, “छान आहे गं.”

त्यांचं ‘छान’ मी चाळीस वर्षं ओळखते. हे ते नव्हतं.

“शब्द कळतात ना अप्पा?”

ते नदीकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “हल्ली इथं पाखरंही कमी झालीत, नाही?”

वर झाडात पाखरांचा इतका कलकलाट चालला होता, की मला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

रात्री मुलानं फोनवर एक अॅप उघडलं आणि खेळ म्हणून आजोबांना वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवले. खालचे सगळे सूर त्यांना आले. मग सूर चढत गेला. मला अगदी टोचेल इतका तीक्ष्ण झाला, तरी अप्पा शांतपणे विचारत होते, “लावलास का रे?”

वयाबरोबर कान आधी उंच आवाज सोडतो. ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजनं बरीचशी उंच पट्टीत असतात, ती आधी गळतात. म्हणून माणसाला ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत.’ हेच वाक्य अप्पा दोन वर्षांपूर्वी बोलले होते आणि मी स्पीकर उघडायला धावले होते. दोष स्पीकरमध्येही होता, म्हणून कानांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. फोनवर ते ‘हो हो’ म्हणत तेव्हा मला वाटायचं, ते मनानं दुसरीकडे आहेत. एकदोनदा चिडलेही होते. ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

तंजावरला कानांची तपासणी केली. आलेखाची रेघ डावीकडे ठीक होती, उजवीकडे उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. तज्ज्ञ बाईंनी श्रवणयंत्र सुचवलं. अप्पा नाही म्हणाले. “कानात खुंटी अडकवून हिंडू? लोक काय म्हणतील?”

आठवडाभर विषय बंद. मग एकदा गाडी पुसताना नातवानं काढला. “आजोबा, याला काहीच कापावं लागत नाही. नको वाटलं की काढून ठेवायचं. सगळं पहिल्यासारखं.”

अप्पा फडकं पिळत राहिले. “म्हणजे बोल्टवरचं,” म्हणाले.

“बोल्टवरचंच.”

यंत्राची सवय व्हायला दोन महिने गेले. सुरुवातीला भांड्यांचा, वर्तमानपत्राचा, स्वतःच्या चप्पलांचाही आवाज त्यांना नको व्हायचा. बोलण्यासाठी केलेली मांडणी गाण्याला चालेना, सूर चेपल्यासारखे येत. मग बाईंनी संगीतासाठी वेगळी मांडणी करून दिली. मी रोज फोन करत होते. हळूहळू त्यांचं ‘हो हो’ कमी झालं आणि प्रश्न वाढले.

पुढच्या आराधनेला तेच झाड, तीच गाडी. मागच्या सीटवर मी आणि मुलगा, पुढे अप्पांशेजारी अय्या. पहिली कृती सुरू झाली. अप्पांनी हात पुढे केला आणि आवाज कमी केला. श्री रागातल्या शेवटच्या कृतीपर्यंत कुणी काही बोललं नाही. अप्पांचे ओठ मात्र प्रत्येक शब्दावर हलत होते.

परत निघालो. अग्रहाराच्या वळणावर त्यांनी एकदम ब्रेक लावला.

“डाव्या दारातून हा किर्र आवाज कधीपासून येतोय?”

“तीन वर्षं झाली असतील, अप्पा.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?” ते म्हणाले. “उद्या सकाळी तेलाचा डबा काढ.”