गाळलेल्या जागा आणि मुखस्थ शब्द

दूरचित्रवाणीवरील करमणुकीकडे साहित्याच्या अभ्यासकाने गांभीर्याने पाहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. तरीही त्यातील एका प्रकाराबद्दल लिहावेसे वाटते. पडद्यावर गाण्याचे शब्द उमटत जातात, स्पर्धक ते पाहून गातो आणि ऐन मध्यावर शब्द नाहीसे होतात. पुढची ओळ आठवणीतून म्हणायची. शब्द चुकला की स्पर्धक बाद. २००७ मध्ये अमेरिकेत 'डोन्ट फरगेट द लिरिक्स' या नावाने हा खेळ सुरू झाला आणि २००८ मध्ये अदनान सामी यांनी 'बोल बेबी बोल' या नावाने तो हिंदीत सादर केला. स्मरणाचा साधा खेळ त्याआधीच, १९९३ पासून, झी टीव्हीवरील 'अंताक्षरी'ने घरोघरी नेला होता.

अशा खेळात नामवंत नट-नटी उतरतात तेव्हा त्याला वेगळा अर्थ प्राप्त होतो. हिंदी चित्रपटातील नटाचा गाण्याशी संबंध ओठांपुरता असतो. आवाज दुसऱ्याचा, शब्द तिसऱ्याचे. त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देऊन समोरचे शब्दही काढून घेतले, की पार्श्वगायनाची सारी व्यवस्था उलटी होते. तो अडखळतो तेव्हा आपल्याला आनंद होतो, कारण उसन्या आवाजाआडचा माणूस प्रथमच दिसतो.

मराठी प्रेक्षकाला मात्र यात नवल वाटण्याचे कारण नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून कित्येक दशके आपल्याकडे नामवंत नट म्हणजे गाणारा नट, असेच समीकरण होते. गद्य संवाद विसरला तर विंगेत प्रॉम्प्टर असे; पण पदाला 'वन्स मोअर' मिळाला की पुढची प्रत्येक तान नटाची स्वतःची. झी मराठीच्या 'सा रे ग म प'मध्ये प्रशांत दामले, सुमीत राघवन यांच्यासारखे अभिनेते स्पर्धक म्हणून गायले, तेव्हा अनेक ज्येष्ठ प्रेक्षकांना ते परिचित वाटले असेल, ते यामुळेच.

परंतु इथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. हा खेळ नेमके काय मोजतो? तो अचूकता मोजतो. एक अधिकृत संहिता आहे, ती संगणकात आहे, आणि स्पर्धकाचे शब्द तिच्याशी ताडून पाहिले जातात. मौखिक परंपरेतील स्मरण असे चालत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात एकच ओवी वेगवेगळ्या बायकांच्या तोंडी वेगवेगळी भेटते. तिथे कोणीही बाद होत नाही. दळणारी बाई ओवी आठवत असते आणि त्याच वेळी रचतही असते. या दोन क्रिया तिच्या लेखी वेगळ्या नाहीत. आपण वर्गात ज्याला 'पाठभेद' म्हणतो, त्याला हा खेळ 'चूक' म्हणतो.

आणि खरे सांगायचे तर आपली परीक्षाही हेच म्हणते. 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न आपल्या शिक्षणात टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे.

हा मुद्दा मला केवळ तात्त्विक वाटत नाही, याचे कारण सोलापूर. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत नांदतात. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात मी प्रत्येकाला मुखस्थ असलेले काहीतरी म्हणायला सांगितले. बहुतेकांचे हात मोबाईलकडे गेले. पूर्व भागातली एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, "सर, मराठीतलं पाठ नाही. आज्जीचं एक गाणं आहे, पण तेलुगूत. चालेल?" आजी विड्या वळताना ते म्हणत असे. आजी वारली होती. मुलीला तेलुगू बोलता येई, लिहिता येत नसे. ती गायली. मधल्या एका कडव्यात ती थांबली, बोटे क्षणभर पान गुंडाळल्यासारखी हलली, आणि मग ती पुढे गेली. नंतर तिनेच सांगितले, "तिथले दोन शब्द मला आठवत नाहीत. मी माझे घातले."

तिला कोणत्या प्रश्नाखाली किती गुण द्यायचे, याची सोय आपल्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात लोकसाहित्याचा पेपर आहे. त्यात ओवीची व्याख्या, प्रकार आणि वैशिष्ट्ये विचारली जातात. मुखस्थ असणे मात्र विचारले जात नाही.

एक साधी सूचना करावीशी वाटते. लोकसाहित्याच्या अंतर्गत मूल्यमापनात प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या कोणाकडून तरी, घरातल्या भाषेत, एक गाणे शिकून वर्गात म्हणावे, आणि कुठले शब्द आपले घातले तेही सांगावे. यात घाई करण्याचे कारण उघड आहे. टीव्हीवरच्या खेळात स्पर्धक चुकला तरी खरे शब्द पडद्यावर परत येतात. त्या तेलुगू गाण्याचे खरे शब्द दाखवणारे आता त्या घरात कोणीही नाही. मुलीने घातलेले दोन शब्द हेच आता त्या गाण्याचे शब्द आहेत.