मुंबई विचारत विचारत

मुंबईत नवीन आहात? मग नकाशा बंद करा आणि सरळ माणसांना विचारा. नागपूरहून नोकरीसाठी आले तेव्हा अकाउंट्समधल्या काकांनी पहिला धडा दिला, "बोरिवलीला उतरायचंय ना? मग विरार फास्ट पकडू नकोस!"

माटुंग्याच्या कलीगमुळे किंग्ज सर्कलचं १९४० सालचं कॅफे मद्रास कळलं. बाहेर ही रांग, आणि आत अनोळखी माणसांसोबत एकाच टेबलावर रस्सम-इडली! गिरगावकर मैत्रिणीने खोताची वाडी दाखवली. लाकडी जिने, व्हरांडे, ईस्ट इंडियन घरं. वर तंबी, "हळू बोल, इथे लोक राहतात."

पण खरा प्रश्न होता डोक्यावरच्या छपराचा. ऑफिस लोअर परळला. दादर-परळचं भाडं पगारात बसेना, जिथे बसे तिथे "एकटी मुलगी? नको." आई तर फोनवर रोज म्हणायची, "परत ये गं."

तेव्हा डोंबिवलीच्या सहकारी ताई म्हणाल्या, "रविवारी आमच्याकडे राहायला ये. सोमवारी सकाळची लोकल पकडून बघ. जमलं तरच घर घे."

गर्दीत जीव गुदमरला. दादरला गाडी बदलून करी रोडला उतरले, तेव्हा ओढणी चुरगळली होती. पण डब्यातल्या बायकांनी धरून आत घेतलं होतं, उतरताना वाटही करून दिली होती. संध्याकाळी आईला फोन केला, "घर मिळालं."

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाईची तोबा गर्दी असते. या एकदा. रस्ता? कुणालाही विचारा!